सिगरेट सोडली, पण डोकं-पोट-झोप सगळंच बिघडलंय. हे कधी जागेवर येतं?

सातपूरकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. कॉलेजपासून सिगरेट होती, दिवसाला दहाचं पाकीट, नाईट शिफ्ट असली की जास्तच. आता आठवडा उलटला एकदम बंद केली. गोळ्या नाहीत, निकोटीनचं च्युइंगगम नाही, काही नाही. मनाची तयारी केली होती, तलफ येणार हे माहीत होतं, त्याचं काही नाही, ती येते आणि जाते. पण शरीराने जो गोंधळ घातलाय त्याची कल्पनाच नव्हती. डोकं दिवसभर जड, उठून उभं राहिलं की गरगरतं, पोट तीन-तीन दिवस साफ होत नाही, तोंड आलंय त्यामुळे तिखट खाता येत नाही, डे शिफ्ट असली तरी रात्री तीनला टक्क जाग येते आणि मग छातीत धडधड. आणि सगळ्यात उलटं म्हणजे खोकला. ओढत होतो तेव्हा सकाळी थोडा यायचा, आता दिवसभर कफ निघतोय. घरी चिडचिड एवढी की बायको म्हणाली तू ओढत होतास तेव्हा तरी माणसात होतास.
हे सगळ्यांना होतं का माझंच काहीतरी वेगळं आहे? ज्यांनी सोडलीय त्यांनी सांगा, कधी थांबतं. आणि प्लीज "मनोनिग्रह ठेवा" वगैरे नको, तो आहे.

गवती_चहा
अभिनंदन आधी! पहिला आठवडा काढला म्हणजे मोठा डोंगर पार केला. मला दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट गेला होता, हात थरथरायचे, लोकलमध्ये शेजारच्याने पेपर जोरात दुमडला तरी राग यायचा. नंतर हळूहळू उतरलं. महिनाभर धरा.

बाराचा_भाव
सोपा उपाय आहे, एक ओढा, पाच मिनिटांत सगळं थांबेल :)

गवती_चहा
@बाराचा_भाव, थांबेल, खरंय. आणि तासाभराने परत चालू होईल. म्हणूनच तर माणूस वीस वर्षं ओढतो.

फुफ्फुसवाला
सातपूरकर, मी छातीचा डॉक्टर आहे, रोजचं काम हेच. इथे बसून तपासता येत नाही, त्यामुळे हे सल्ला म्हणून नाही तर माहिती म्हणून वाचा.

निकोटीन रक्तातून फार पटकन जातं, साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. म्हणजे शेवटची सिगरेट विझवल्यावर दोन-तीन दिवसांत ते जवळजवळ संपलेलं असतं आणि नेमका तेव्हाच त्रास टोकाला असतो. म्हणून "विष बाहेर पडतंय म्हणून त्रास होतोय" हे जे फॉरवर्ड फिरतं ते चूक आहे. निकोटीन गेलेलंच असतं, पण मेंदूने इतक्या वर्षांत त्याच्यासाठी ज्यादा जागा करून ठेवलेल्या असतात, त्या रिकाम्या बोंबलत असतात. त्या कमी व्हायला काही आठवडे लागतात. चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणं, भूक, झोप हे बहुतेकांचं तीन-चार आठवड्यांत उतरतं.

खोकल्याचं तुम्हाला उलटं वाटतंय पण ते तसंच असतं. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू असतात, कफ वर ढकलणं हे त्यांचं काम. धुराने ते लुळे पडलेले असतात. सोडल्यावर ते परत हलायला लागतात आणि साठलेला माल वर येतो. बऱ्याच जणांना काही आठवडे होतं.

पण, आणि हा पण मोठा आहे, प्रत्येक खोकला सिगरेट सोडल्याचाच असतो असं धरून बसू नका. आपल्या देशात दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की थुंकीची टीबीसाठी तपासणी करायची, नियमच आहे, सरकारी दवाखान्यात फुकट होते. थुंकीत रक्त, बारीक ताप, वजन उतरणं यातलं काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. छातीत दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, हे असेल तर धागा न काढता सरळ इमर्जन्सी गाठायची.

एक प्रश्न. चहा-कॉफी किती घेता?

सातपूरकर
डॉक्टरसाहेब मनापासून आभार. खोकला तसा सोडायच्या आधीपासूनच आहे त्यामुळे दोन आठवड्यांचा हिशोब कुठून धरायचा कळत नाही, तपासूनच घेतो. चहा म्हणाल तर आधी पाच-सहा व्हायचे, आता सिगरेटच्या वेळेला काहीतरी पाहिजे म्हणून आठ-दहा होतात. शिवाय कंपनीत मशीनची कॉफी. का हो?

फुफ्फुसवाला
मला वाटलंच होतं. तुमची झोप आणि धडधड यातला बराच भाग तिथे आहे. सिगरेटच्या धुरामुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात चालतं, तेच कॅफीन मोडतं. म्हणून ओढणाऱ्या माणसाला चहा-कॉफी लवकर उतरते. धूर बंद झाला की काही दिवसांत ते एन्झाइम नॉर्मलला येतं आणि तेवढ्याच कपांमधलं कॅफीन रक्तात जवळपास दुप्पट वेळ राहतं. तुम्ही तर कप वाढवलेत. निम्म्यावर आणा आणि झोपायच्या आधीचे सहा-आठ तास चहा नको. एकदम शून्यही करू नका, नाहीतर त्याची डोकेदुखी वेगळी चालू होईल.

हे धुरामुळे होतं, निकोटीनमुळे नाही. त्यामुळे निकोटीनचं गम किंवा कातडीवर चिकटवायचा निकोटीन पॅच घेणाऱ्यांनाही लागू. बिडीवाल्यांनाही लागू. तंबाखू-मशेरी सोडणाऱ्यांना मात्र नाही.

निवांत_नाना
हे कॅफीनचं पहिल्यांदाच ऐकतोय. मी सोडली तेव्हा ऑफिसात सगळे म्हणायचे टेन्शन घेऊ नको, चहा घे :) महिनाभर घुबडासारखा जागा होतो. कोणी डॉक्टरनेही विचारलं नव्हतं चहाचं.

चाळकरीण
मी पण सोडलीय, सहा महिन्यांच्या वर झालं. इथे टोपणनावाने लिहितेय म्हणून लिहू शकतेय, घरी कोणालाच माहीत नाही की मी ओढायचे. त्यामुळे सोडल्यावर काय होतंय हेही कोणाला सांगता येईना. सासूबाईंना वाटलं बीपी आहे, नवऱ्याला वाटलं ऑफिसचं टेन्शन. पुरुषमाणसाला निदान "सिगरेट सोडलीय म्हणून चिडतोय" असं म्हणून मोकळं होता येतं, त्याचं कौतुकही होतं.

असो. मुद्द्याचं म्हणजे पोट. यावर कोणी उघड बोलत नाही पण सकाळची पहिली सिगरेट आणि संडास हे नातं ओढणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ते बंद झालं की आतडं संपावर जातं. मला डोकेदुखीपेक्षा याचाच त्रास जास्त झाला, पोट फुगलेलं, भूक नाही, मग त्याने पुन्हा डोकं दुखायचं. मी रात्री दोन चमचे इसबगोल मोठा ग्लासभर पाण्यातून घ्यायला लागले (पाणी कमी घेतलंत तर उलट अडकतं, हे लक्षात ठेवा), सकाळी कोमट पाणी, रोज पपई, आणि उठल्या उठल्या गच्चीवर वीस मिनिटं चालणं. आठ-दहा दिवसांनी फरक पडला, पूर्ण जागेवर यायला महिना-दीड महिना गेला. एरंडेल, जुलाबाच्या गोळ्या यांच्या नादी रोज लागू नका.

फुफ्फुसवाला
चाळकरीण +१. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवतं, ते गेलं की हालचाल मंदावते, एवढंच आहे. बद्धकोष्ठता हे सिगरेट सोडल्याचं लक्षण आहे हे लोकांना माहीतच नसतं म्हणून घाबरतात. तोंड येणंही तसंच, पहिल्या दोन आठवड्यांत बऱ्याच जणांना होतं, आपोआप बरं होतं. मात्र दोन-तीन आठवड्यांनंतरही एखादी जखम भरत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल तर डेंटिस्टला दाखवायचंच. तंबाखू घेतलेल्या माणसाने तोंडाच्या बाबतीत "होईल बरं" म्हणायचं नसतं.

हिरवं_लिंबू
मी एका ग्रुपवर वाचलं की रोज सकाळी लिंबू, आलं आणि मध घेतलं तर ७२ तासांत फुफ्फुसातलं सगळं टार धुऊन निघतं. करून बघायला काय हरकत आहे?

निवांत_नाना
लिंबूपाणी पोटात जातं हो, फुफ्फुसात नाही. फुफ्फुसात गेलं तर अॅडमिट व्हावं लागेल.

हिरवं_लिंबू
बरं, पण तोंडाला चव येते आणि हातात काहीतरी राहतं हे तरी मान्य कराल.

गवती_चहा
ते १०० टक्के मान्य. मी खिशात बडीशेप आणि लवंग ठेवायचो. औषध म्हणून नाही, हाताला आणि तोंडाला काम म्हणून. तोंड आलेलं असताना लवंग नको पण, झोंबते.

पक्या_डोंबिवली
मी निकोटीन गमवर आहे, २ मिलिग्रॅमवालं, मेडिकलमध्ये मिळतं तेच. पण खाल्लं की उचकी लागते, घशाला झोंबतं, पोटात जळजळ. मळमळ तर विचारू नका. यापेक्षा सिगरेट बरी असं वाटायला लागलंय. कोणाला असं झालंय का?

चाळकरीण
तुम्ही चघळताय कसं? साध्या च्युइंगगमसारखं चघळत राहिलात तर असंच होणार, सगळं निकोटीन एकदम लाळेत येतं आणि पोटात जातं. पाच-दहा वेळा सावकाश चावायचं, जरा झणझणीत लागलं की थांबायचं आणि गालात दाबून ठेवायचं. झणझण गेली की परत दोन-चार वेळा चावायचं, जागा बदलायची. असं साधारण अर्धा तास. आमच्या गावाकडच्या मंडळींना हे शिकवावं लागणार नाही, तंबाखूची गोळी धरल्यासारखंच आहे. आणि गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नाही, आंबटपणाने निकोटीन तोंडातून शोषलंच जात नाही.

पक्या_डोंबिवली
च्यायला. मी तर चहाबरोबर खायचो. मेडिकलवाल्याने पट्टी हातात दिली आणि सुट्टे पैसे दिले, बाकी काही नाही. उद्यापासून असं करून बघतो.

फुफ्फुसवाला
करा. आणि उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत होती का तेही बघा. लागत असेल तर २ कमी पडू शकतं, ४ मिलिग्रॅमचं डॉक्टरांना विचारून घ्या. सोडायच्या गोळ्याही आहेत, व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन, त्या मात्र तपासून, चिठ्ठीवरच. फिट येण्याचा इतिहास असेल तर ब्युप्रोपिऑन चालत नाही. सातपूरकरांना आणि सगळ्यांनाच सांगतो, काहीही न घेता सोडणं यात जास्त पुरुषार्थ वगैरे नाहीये. पेशंट मला अभिमानाने सांगतात की डॉक्टर मी गोळी घेतली नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात परत ओढताना दिसतात. त्रास असह्य असेल तर औषध घ्यायचं, संपलं.

बाराचा_भाव
मग ती इलेक्ट्रिकवाली का नाही? धूर पण नाही.

संपादक
@बाराचा_भाव, भारतात ई-सिगरेटच्या विक्रीवर २०१९ पासून कायद्याने बंदी आहे. "माझ्याकडे मिळेल" छापाचे दोन प्रतिसाद आत्ताच उडवले आहेत. चर्चा विषयावर ठेवा.

लेस्टरचा_पाऊस
इकडे यूकेत जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, गेलं की सिगरेट सोडवणाऱ्या सर्व्हिसकडे पाठवतात, तिथली बाई दर आठवड्याला एका नळीत फुंकायला लावायची. त्यात सिगरेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसतो. तो दिवसभरात उतरतो, त्यामुळे पहिल्याच भेटीत आकडा खाली आलेला बघून जरा बरं वाटतं, बाकी सगळं शरीर शिव्या देत असताना कुठेतरी काहीतरी सुधारलंय याचा कागदी पुरावा. मला पॅच दिले होते. त्रास एकच, स्वप्नं! एवढी स्पष्ट आणि रंगीत की सकाळी उठून दमायला व्हायचं. एका स्वप्नात मी शाळेतल्या हेडमास्तरांबरोबर सिगरेट ओढत होतो आणि उठल्यावर अर्धा तास अपराधी वाटत होतं. मग तिने रात्री झोपताना पॅच काढून ठेवायला सांगितलं, त्याने कमी झाली.

निवांत_नाना
स्वप्नात ओढणं हे पॅचशिवायही होतं. मला वर्षभर अधूनमधून पडायची.

ऊसवाला_शिरोळ
मंडळी नमस्कार, आमच्याकडं शिगरेटचं लई नाही, पण आईची मशेरी सुटना. साठीच्या पुढं वय, दिवसातनं पाच-सहा वेळा लावतीया. मागं एकदा मी डबीच लपवली तर दोन दिवसात डोस्कं धरून झोपली, कुणाशी बोलंना, पोट फुगलं म्हणाली, घरात एवढी भांडणं झाली की वडिलांनी स्वतः जाऊन आणून दिली. तुम्ही वर जे लिहिलंय ते वाचताना वाटलं ही तर आईची लक्षणं. पण लोक म्हणत्यात मशेरी म्हणजे दात घासायची पावडर, तिचं कसलं व्यसन. ह्येला पण तसंच असतंय का?

फुफ्फुसवाला
तसंच असतं. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, हिरडीतून निकोटीन आत जातं. आणि तुम्ही म्हणताय "आमच्याकडे सिगरेटचं नाही", तेच महाराष्ट्राचं चित्र आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत राज्यात ओढणारे ३.८ टक्के होते आणि तोंडातून तंबाखू घेणारे २४.४ टक्के. पण सोडण्याबद्दल जे काही लिहिलं जातं ते सगळं सिगरेटवाल्यांसाठी.

डबी लपवू नका. त्यांना न सांगता बंद केलं की त्रास दुप्पट वाटतो, आणि घरच्यांवरचा राग वेगळा. आधी त्यांच्याशी बोला, दिवस त्यांना ठरवू दे, तोवर वेळा कमी करत आणा. पाकिटांवर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर फुकट आहे, तंबाखू-मशेरीसाठीही चालतो, मराठीतही बोलतात. आईंना स्वतः बोलू द्या. वय बघता बीपी-शुगर एकदा तपासा आणि सोडायच्या आधी तोंड दाखवून घ्या.

ऊसवाला_शिरोळ
व्हय, बोलतो. शुगर हाय तिला, गोळ्या चालू हायत. अजून एक, वडील बिडी वडत्यात, त्यांना दम्यासाठी डेरिफायलिन चालू हाय. त्यांनी पण सोडायचं म्हटलं तर काय अडचण?

फुफ्फुसवाला
हे विचारलंत ते फार बरं केलंत. मघाशी कॅफीनचं जे सांगितलं तेच डेरिफायलिनमधल्या थिओफायलिनचं. बिडी बंद झाली की ते औषध शरीरात जास्त साठतं आणि मळमळ, धडधड, हात थरथरणं सुरू होतं. लोकांना वाटतं बिडी सोडल्यामुळे होतंय आणि परत बिडी पेटवतात. सोडायची तारीख ठरली की डॉक्टरांना आधी सांगायचं, डोस कमी करावा लागतो. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि मानसिक आजाराची काही औषधं घेणाऱ्यांनीही, क्लोझापिन, ओलान्झापिन वगैरे, डॉक्टरांना कळवायचं.

सातपूरकर
अपडेट देतो. चहा चार कपांवर आणला, दुपारनंतर बंद, झोप सलग पाच-सहा तास लागायला लागली आणि धडधड जवळजवळ गेली. इसबगोल चालू आहे, चाळकरीण ताईंचे शतशः आभार, बाकी तपशील नको :) गरगरणं आपोआप थांबलं. तोंड बरंय. थुंकी तपासली, टीबी नाही, एक्सरे पण ठीक. खोकला आहे अजून, सकाळी जास्त.

नवीन त्रास म्हणजे भूक. रात्रपाळीत दोन वाजता कॅन्टीनमध्ये जाऊन वडापाव, परत चारला काहीतरी. पँट घट्ट व्हायला लागलीय. आणि खरी परीक्षा गेटबाहेरच्या टपरीवर. सुट्या सिगरेटवर राज्यात २०२० मध्ये बंदी आली म्हणतात, ती कुठल्या राज्यात हे टपरीवाल्याला विचारायला पाहिजे.

लेस्टरचा_पाऊस
भूक वाढतेच आणि वजनही, बहुतेकांचं पहिल्या वर्षात चार-पाच किलो. माझं सहा वाढलं. त्यासाठी डाएट आत्ता चालू करू नका, एका वेळी एकच भांडण. खारे शेंगदाणे नको, भाजलेले चणे, काकडी, गाजर असं ठेवा.

गवती_चहा
टपरीचं सांगतो. तलफ एकदा आली की पाच-दहा मिनिटं टिकते, तेवढा वेळ काढायचा. मी ब्रेकला खाली जाणंच बंद केलं दोन महिने. मित्रांना सांगून टाकलं, "मी मेलो समजा." फोनवर आईला लावायचो, आई पाच मिनिटांत कधीच ठेवत नाही.

चाळकरीण
सातपूरकर, बायकोला हा धागा दाखवा. खरंच. तिला वाटत असेल हा माझ्यावर चिडतोय. आणि दोन-तीन आठवडे होऊनही अगदी उदास, रडू येतंय, काहीच नको वाटतंय असं झालं तर तेही डॉक्टरला सांगायचं. मला झालं होतं, मी सांगितलं नाही कोणाला आणि फार एकटीने काढलं ते.

सातपूरकर
दाखवला. तिने पहिलं काय वाचलं असेल तर डॉक्टरांचं चहाचं. आता घरात चहापत्तीचा डबा तिच्या ताब्यात आहे.

पक्या_डोंबिवली
गमचं जमलं बरं का. उचकी बंद. दिवसाला आठ-दहा लागतात. डॉक्टर, कधी कमी करायचं?

फुफ्फुसवाला
घाई नको. पहिले सहा आठवडे लागेल तसं घ्या, मग दर आठवड्याला एक-दोन कमी करत तीन महिन्यांपर्यंत बंद. दिवसाला चोवीसच्या वर जायचं नाही.

ऊसवाला_शिरोळ
आईनं दसऱ्याचा दिवस धरलाय. ती स्वतः बोलली त्या नंबरवर, अर्धा तास, निम्मा वेळ सुनेच्या तक्रारी सांगिटल्या. वडील म्हणत्यात पॅच लावतो. आमच्याकडं शेतात पाणी धरताना माणूस भिजतंय, त्यानं पॅच निघतो का?

फुफ्फुसवाला
भिजलं तरी चालतं, अंघोळही चालते. लावताना कातडी कोरडी पाहिजे, तेल-पावडर नको, केस कमी असतील अशी जागा दंडावर किंवा पाठीवर, तळहाताने दहा-वीस सेकंद दाबून धरायचं. रोज जागा बदला, नाहीतर खाज येते. पॅच लावून बिडी ओढायची नाही हे त्यांना माझ्या नावाने सांगा. डेरिफायलिनचं आधी डॉक्टरांना विचारलंत ना?

ऊसवाला_शिरोळ
गुरुवारी नेतोय.